आठ मात्रांचा व्यत्यय

मला दिल्लीहून विचारलेला प्रश्न एका ओळीचा आहे आणि उत्तरासाठी दिलेली चौकट दीडशे अक्षरांची. प्रश्न असा : ‘दि. २ नोव्हेंबर २०३४ रोजी आपल्या केंद्राच्या सादरीकरणात आठ मात्रांचा व्यत्यय नोंदला गेला. कारण द्या.’ दीडशेच्या पुढचं अक्षर टाइप केलं की चौकट लाल होते. त्या चौकटीत मावेल ते उत्तर मी देणारच आहे, ते शेवटी सांगते. जे मावत नाही ते इथे लिहिते आहे, कारण तीन आठवडे झाले, आता सभ्यपणे गप्प बसणं मला जमत नाही.

मी शैलजा पाष्टे. मूळची लांजा तालुक्यातली. परदेश संस्कृती मंडळाच्या मॉरिशस केंद्रात गेली साडेतीन वर्षं कार्यक्रम अधिकारी आहे. मंडळाची जगभरात शहाण्णव केंद्रं आहेत आणि प्रत्येक केंद्रात माझ्यासारखं एक माणूस असतं. त्याने दर महिन्याला काहीतरी गाजवून दाखवायचं. आज योगासनं, उद्या रांगोळी, परवा तिथल्या शाळेतल्या मुलांना मोदक. पूर्वी यासाठी दिल्लीहून पेट्या भरून पुस्तकं आणि कॅसेटी यायच्या म्हणे. आमच्या काळात ‘शिदोरी’ आली.

शिदोरी म्हणजे आम्हा केंद्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी असलेलं संकेतस्थळ. आत शिरलं की सगळं हाताशी. रांगोळीचे चौऱ्याऐंशी साचे, प्रमुख पाहुण्यांची ओळख करून देण्याचे नमुने, कोणत्या देशात कुणाला काय विचारू नये याची यादी, मैदा मिळतो पण बेसन मिळत नाही तिथे काय करावं, हॉलमध्ये हळदीकुंकू करताना आगीचा भोंगा वाजू नये म्हणून समई कुठे ठेवावी. चेष्टा करत नाही. पहिल्या वर्षी शिदोरी नसती तर मी रडत परत आले असते.

मग शिदोरीत ‘मूळरूप’ आलं.

मूळरूप हे एक यंत्र आहे, म्हणजे खरं तर एक गणित. प्राण्यांचे वंशवृक्ष काढणारे लोक ज्या पद्धतीने काम करतात तीच पद्धत त्यात गाण्या-नाचाला लावली आहे. एखाद्या नाचाची चित्रफीत दिली की यंत्र तिची लांबलचक यादी करतं : कितव्या मात्रेला कुठला पाय, कुठली थाप, कुठला सूर. दुसऱ्या गावच्या नाचाची अशीच यादी पहिलीच्या शेजारी मांडायची आणि कुठे जुळतं, कुठे सरकलंय ते पाहायचं. दोन गावांत एकच बदल सापडला तर ती दोघं एकाच फांदीवरची. अशा शेकडो याद्या जुळवत पानांवरून फांद्यांकडे, फांद्यांवरून बुंध्याकडे उतरत जायचं. बुंध्याशी जो नाच मिळतो तो आज कुणीच नाचत नाही, पण सगळे त्याच्यापासूनच निघाले असं गणित म्हणतं. पुढे टक्केवारी असते. जितके साक्षीदार जास्त, तितकी खात्री जास्त. आणि जो साक्षीदार समुद्रापार, एकटा पडलेला असेल त्याचं वजन अधिक, कारण त्याच्यावर शेजारपाजारच्या गावांची छाप पडलेली नसते.

कल्पना सुंदर आहे. पहिल्यांदा समजली तेव्हा मला गहिवरून आलं होतं. माझे वडील जाखडी नाचायचे. पायात चाळ बांधून, मधल्या मृदंगवाल्याभोवती गोल धरून. त्यांच्या अंगातली ती थाप कुठून आली हे कुणीतरी शोधतंय याचा मला अभिमान वाटला होता.

आमच्याकडे जिला जाखडी म्हणतात तिला मॉरिशसमध्ये झाकरी म्हणतात. उसाच्या मळ्यांत राबायला करार करून नेलेल्या माणसांबरोबर ती गेली आणि तिथेच राहिली. पहिलं जहाज १८३४ सालच्या नोव्हेंबरात लागलं, म्हणून यंदा दोनशे वर्षांचा सोहळा. डोंगराच्या पायथ्याला बेल-रॉश नावाचं गाव आहे. तिथे सखाराम येसू राहतात. वय शहात्तर, साखर कारखान्यात फिटर होते, मृदंग वाजवतात. गाव त्यांना ‘तोंतों येसू’ म्हणतं, म्हणजे तिकडच्या क्रेओल भाषेत काका. मी येसूकाका म्हणते. त्यांचं मराठी ऐकलं की मला माझे आजोबा आठवतात, फक्त मध्येमध्ये क्रेओल शब्दांचे खडे लागतात.

पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला अंगणात बसवून झाकरी दाखवली. म्हातारी माणसं सहा, तरुण पाच-सहा. त्यात त्यांची नात देविशा. तिसरी फेरी संपली आणि मृदंग अचानक गप्प झाला. नाचणारे जिथल्या तिथे उभे. कुणी हलेना, झांज नाही, श्वासही जपून. मी मनात मोजलं : आठ मात्रा. जेमतेम चार सेकंद. मग थाप पडली आणि फेरी पुढे सुरू. मला वाटलं कुणीतरी चुकलं. तसं विचारलंही.

येसूकाका म्हणाले, “चूक न्हाय, लेकी. इथं सिरदार यायचा. घंटा झाल्यावर ढोल वाजवायचा न्हाय, मानसं जमवायची न्हाय. मंग आमची मानसं तीन फेऱ्या नाचायची आन् थांबायची. कान द्यायची. बुटं वाजतायत का. न्हाय वाजली, की पुना नाचायची.”

सिरदार म्हणजे मळ्यावरचा मुकादम. येसूकाकांच्या आज्याच्या बापाने तो पाहिला होता, त्याच्या हातचा मारही खाल्ला होता. मळा गेला, मुकादम गेला, तरी दर तिसऱ्या फेरीला बेल-रॉशची माणसं थांबतात आणि ऐकतात. त्या दुपारी मी त्यांच्या अंगणात बसून रडले, आणि येसूकाकांच्या बायकोने मला चहाबरोबर केळ्याची भजी खायला घातली.

मी ती चित्रफीत त्याच आठवड्यात शिदोरीवर चढवली. वाटलं, आता हे जगाला कळेल. दहा दिवसांनी उत्तर आलं : ‘बेल-रॉश नोंदीत तीन ठिकाणी आठ मात्रांची त्रुटी. दुरुस्त केली.’ खाली चित्रफीत. तिच्यात मृदंग कुठेच थांबत नव्हता.

मी हरकतीचा अर्ज भरला. आपोआप येणारं उत्तर आपोआप आलं. पुन्हा भरला, पुन्हा आलं. मग मीही इतर कामांना लागले. खोटं कशाला बोलू.

*

पुढच्या वर्षी तालपट्ट्या आल्या. घोट्याला बांधायची बोटभर रुंदीची पट्टी. शिदोरीवरचा नाच निवडला की पुढचं पाऊल टाकायच्या क्षणी ती गुणगुणते, म्हणजे पायाला कळतं की आता मी. तीन आठवड्यांत कुणालाही नाचायला येतं. पोर्तुगालच्या केंद्रातले साठीचे गृहस्थ त्या पट्ट्यांवर जाखडी नाचताना मी स्वतः पाहिलेत.

देविशा तेव्हा एकोणीस वर्षांची होती, कॉलेज करून आमच्या केंद्रात नाच शिकवायला यायची. हुशार, नेटकी, चुकीचं काही सहन न होणारी पोर. तिने तालपट्टीवर मूळरूपाची झाकरी शिकून घेतली आणि बेल-रॉशच्या पोरापोरींना शिकवली. मग एका रविवारी देवळाच्या मांडवात येसूकाका वाजवत असताना तिसऱ्या फेरीला त्यांनी हात उचलला, आणि समोरची बारा पोरं नाचतच राहिली. पट्ट्या थांबत नव्हत्या, मग पाय कसे थांबणार? देविशाने सगळ्यांदेखत आजोबांना सांगितलं की शिदोरीत हा थांबा चूक दाखवतात. उद्धटपणे म्हणाली नाही. गणितातली चूक दाखवावी तशी म्हणाली.

येसूकाकांनी मृदंग खोळीत घातला. त्यानंतर तो बाहेर निघाला नाही आणि ते माझ्याशीही बोलेनासे झाले. मी गेले की उठून मागच्या परसात जायचे. त्यांच्या जागी मीही गेले असते.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित ही गोष्ट मनात ठेवून बदली होऊन गेले असते. पण यंदाच्या जूनमध्ये दिल्लीहून आदेश आला. दोन नोव्हेंबरला, भारतात साडेतीन वाजता, शहाण्णव केंद्रांत एकाच क्षणी एकच जाखडी. ताल दिल्लीहून येणार, वाद्यं जागेवर वाजवायची नाहीत. आणि त्याच दिवशी मूळरूपावर शिक्कामोर्तब. शिक्का बसला की त्याच्याशी न जुळणाऱ्या सगळ्या नोंदी ‘सदोष’ या कप्प्यात जाणार, केंद्रांनी त्या वापरायच्या नाहीत. बेल-रॉशच्या शाळेतही जानेवारीपासून शिक्क्याचीच झाकरी. म्हणजे येसूकाका आणि ते सहा म्हातारे असेपर्यंत तो थांबा कुणाला तरी आठवेल. नंतर तो कधी नव्हताच.

तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाच्या जिवावर ठरवलं यांनी? मॉरिशसच्या झाकरीबद्दल बेल-रॉशपेक्षा मोठा साक्षीदार या यंत्राला मिळाला तरी कोण? ते शोधायचं म्हणून मी शिदोरीवर साक्षीदारांची यादी उघडली. ती कुणीही कर्मचारी उघडू शकतो. मी तीन वर्षांत कधी उघडली नव्हती.

*

मॉरिशसच्या नावावर जाखडीच्या तेरा नोंदी होत्या. एक बेल-रॉश. बाकी बारा ‘मॉरिशस, स्थानिक’. शेरा होता : ‘सागरी विलगतेमुळे विशेष विश्वसनीय.’ बाराच्या बारा एकमेकींशी तंतोतंत जुळत होत्या आणि एकट्या बेल-रॉशला खोटं पाडत होत्या.

मी पहिली उघडली. आमच्याच केंद्राचा हॉल. मागे आमचाच निळा पडदा. आणि फेटा बांधून गोलात नाचत होता आमचा ड्रायव्हर गायतान, जन्माने क्रेओल, ज्याने त्याआधी आयुष्यात मृदंग ऐकला नव्हता. त्याच्यामागे स्वयंपाकाच्या पुष्पलताबाई, त्यांच्यामागे दरवाजावरचा पहारेकरी. गायतान एकदा उलट्या बाजूला वळतो आणि हसतो. त्याच्या हसण्यामागून कॅमेऱ्यामागच्या बाईचा आवाज येतो : “हसू नका, अजून एकदाच.”

तो आवाज माझा.

आता खरं सांगते. मंडळाचा नियम आहे की दर तिमाहीला प्रत्येक केंद्राने लोककलेच्या किमान बारा ‘स्थानिक नोंदी’ चढवायच्या. पहिल्या वर्षी, मार्चअखेर, माझ्याकडे एकही नव्हती. बेल-रॉश तेव्हा मला ठाऊकसुद्धा नव्हतं. म्हणून मी कर्मचाऱ्यांना शिदोरीवरची जाखडी दाखवली, दोन दुपारी घोटून घेतली आणि तीन दिवस कपडे बदलून, कॅमेरा फिरवून बारा वेळा चित्रित केली. फॉर्ममध्ये दोनच पर्याय होते : ‘स्थानिक’ आणि ‘पाहुणे पथक’. गायतान पाहुणा नव्हता. मी ‘स्थानिक’वर टिचकी मारली, अहवाल पाठवला आणि सगळ्यांना समोसे खाऊ घातले.

म्हणजे शिदोरीचा नाच शिदोरीवरून शिकून आम्ही शिदोरीलाच परत केला, आणि शिदोरीने तो समुद्रापार दोनशे वर्षं जपलेला पुरावा म्हणून डोक्यावर घेतला. गायतान हा साक्षीदार क्रमांक तीनशे बारा. मी तास-दीड तास इतर केंद्रांच्या नोंदी बघत राहिले. कुठे वकिलातीतले कारकून, कुठे अधिकाऱ्यांच्या बायका, कुठे इमारतीचा माळी. सगळे स्थानिक, सगळे एकमेकांशी जुळणारे. एकाच माणसाला दहा वेळा विचारून दहा साक्षी झाल्या म्हणावं तसं हे, आणि ते शहाण्णव ठिकाणी चाललेलं.

राग आधी माझा मलाच आला. मग म्हटलं, हा एकटीने गिळण्याएवढा छोटा नाही.

मूळरूपाचं गणित पुण्यातल्या डॉ. आर्या केळुसकरांनी बांधलं आहे. त्यांचा नंबर मिळवून मी व्हिडिओवर फोन केला. मला वाटलं होतं, बाई नाकाने कांदे सोलतील. त्यांनी मात्र सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की फॉर्ममध्ये तिसरा पर्याय त्यांनी ठेवला होता, ‘शिदोरीवरून शिकलेले’. तो निवडला की नोंद साक्षीतून वगळली जायची. पण तिमाहीच्या बारांतूनही वगळली जायची. म्हणून केंद्रांनी मिळून तक्रार केली आणि मंडळाने पर्याय काढून टाकायला लावला.

ते तक्रारीचं पत्र मला आठवत होतं. खालच्या सह्यांमध्ये माझीही होती. नवीनच आले होते, सगळ्यांनी केली म्हणून केली.

केळुसकरबाईंनी माझ्यासमोर शिदोरीच्या नकला बाजूला काढून गणित पुन्हा चालवलं. तीनशे अठ्ठ्याऐंशी साक्षीदारांपैकी उरले एकोणतीस. साडेअठ्ठ्याण्णव टक्के खात्रीची पाटी गेली आणि तिथे यंत्राने प्रामाणिकपणे लिहिलं : ‘मूळ रूप ठरवता येत नाही. किमान तीन शक्यता.’

मी विचारलं, “आणि बेल-रॉशचा थांबा?”

“तो एकाच साक्षीदाराकडे आहे,” त्या म्हणाल्या. “एकाकडेच असलं म्हणजे चूक, असं माझं गणित कुठेही म्हणत नाही. ते म्हणायला लावलंय.”

हे त्यांनी मंडळाला दोनदा लिहून कळवलं होतं. ‘ठरवता येत नाही’ या वाक्यावर शिक्का मारता येत नाही, असं त्यांना तोंडी सांगण्यात आलं.

*

आमचे संचालक सरदेशपांडे साहेब वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. त्यांनी माझा कागद शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसला आणि भावना समजतात म्हणाले. मग एकेक मुद्दा मांडला. या नोंदी खोट्या होत्या असं मी लिहून दिलं तर माझी दोन वर्षांची मुदतवाढ जाईल. चौकशी लागेल. माझ्यावरून त्यांच्यावर येईल, त्यांच्यावरून पंच्याण्णव केंद्रांवर. दोन तारीख होऊन जाऊ दे, मग शांतपणे बघू. मी म्हटलं, शिक्का दोन तारखेलाच बसतोय. ते म्हणाले, हो, तेही आहेच.

मी ते पत्र माझ्या सहीने थेट दिल्लीला पाठवलं. बारा नोंदी माझ्या आहेत, नकली आहेत, काढून टाका. तिसऱ्या दिवशी उत्तर : ‘आपली सूचना नोंदली आहे. विचार ३१ मार्चनंतर केला जाईल.’ चोराने स्वतः चौकीत येऊन चोरी कबूल करावी आणि हवालदाराने त्याला पुढच्या वर्षीची तारीख द्यावी, अशी गत झाली.

मग मी बेल-रॉशला गेले. येसूकाका उठून परसात निघाले तशी मी त्यांच्या मागे परसात गेले आणि उसाच्या फडाकडे तोंड करून बसलेल्या त्या माणसाला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फॉर्म, बारा नोंदी, समोसे, सही. देविशा मागच्या नळावर भांडी घासत होती, तिने पाणी बंद केलं.

काकांनी एवढंच विचारलं की त्यांच्या विरुद्ध साक्ष कुणाची. मी सांगितलं, गायतानची. त्यांना हसू आलं. गायतानला ते ओळखतात, कारखान्याच्या फुटबॉल संघात त्याच्या बापाबरोबर खेळलेत.

“म्हंजे गायतानला विचारलं,” ते म्हणाले. “आमाला न्हाय.”

मी माफी मागितली. त्यांनी ती दिली नाही, नाकारलीही नाही. निघताना त्यांच्या बायकोने केळ्याची भजी बांधून दिली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर महिनाभराने देविशा केंद्रात आली. दिल्लीहून येणारा आवाज आमच्या हॉलमध्ये कुठून जातो, असं तिने विचारलं. मी सांगितलं की माझ्या टेबलावरून, एक बटण आहे, पण त्याला हात लावायला मनाई आहे. पंच्याण्णव केंद्रं एका तालात असताना कुणी हात लावायचाही कशाला?

“तिसरी फेरी संपली की,” ती म्हणाली. आणि मग क्रेओलमध्ये, “कोरेक?” म्हणजे, ठीक आहे ना?

मी मान हलवली. मग तिने सांगितलं की महिनाभर घरी आजोबा मांडीवर मात्रा मोजतात आणि तिच्यासकट सोहळ्यात नाचणाऱ्या बाराजणी पट्ट्या चालू ठेवून उभं राहायला शिकतायत. पहिल्या आठवड्यात एकीलाही जमलं नाही, पाय आपोआप उचलले जायचे. रात्री झोपेतसुद्धा घोटे गुणगुणल्यासारखे वाटतात म्हणे.

*

दोन नोव्हेंबरला आमच्याकडे दुपारचे दोन वाजले होते. हॉल खचाखच. मंत्री, वकिलातीचे लोक, बेल-रॉशहून दोन बस भरून माणसं. मंचामागच्या भिंतीवर शहाण्णव चौकोनांत शहाण्णव केंद्रं. येसूकाकांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, खांद्यावर शाल, हातात नारळ. सत्कारमूर्ती. मृदंग आणायला परवानगी नव्हती.

दिल्लीहून थाप आली. चौकोना-चौकोनांत पाय एकदम उचलले गेले. दिसायला देखणं होतं, नाही म्हणत नाही. पहिली फेरी, दुसरी. सरदेशपांडे साहेब माझ्या शेजारी बसून मान डोलवत होते. तिसरी फेरी संपता संपता देविशाने माझ्याकडे पाहिलं नाही. तिचं लक्ष पहिल्या रांगेकडे होतं.

मी बटण खाली ओढलं.

बाराजणी उभ्या राहिल्या. मागच्या भिंतीवर पंच्याण्णव चौकोन नाचत होते आणि आमचा एक उभा होता. एवढ्या शांततेत मला एक बारीक आवाज ऐकू आला. चोवीस घोट्यांवरच्या पट्ट्या गुणगुणत होत्या, चला, चला म्हणत होत्या, आणि एकही पाय हलत नव्हता. देविशाच्या पोटऱ्या थरथरताना मला टेबलावरून दिसत होत्या. हॉलमध्ये बेल-रॉशच्या म्हाताऱ्या बायका एकेक करून उभ्या राहिल्या. माना किंचित कलत्या करून, कान देऊन. साहेबांनी माझं मनगट धरलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, मोजत राहिले. सहा. सात. आठ.

येसूकाकांनी नारळ मांडीवर ठेवला आणि खुर्चीच्या लाकडी हातावर थाप मारली. बाराही पावलं एकदम पडली. मी बटण वर केलं.

थांबा तीनदा येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी बटण माझ्या हाती नव्हतं, साहेबांनी मला टेबलावरून उठवलं होतं. त्यामुळे व्यत्यय एकच नोंदला गेला.

दुसऱ्या दिवशी सोहळ्याची चित्रफीत शिदोरीवर आली. मी ती देविशाबरोबर बघितली. तिसरी फेरी संपते, आणि आमच्या चौकोनात नाच चालूच राहतो. ते चार सेकंद यंत्राने भरून काढले होते. देविशाचे पाय उचलले जातात, पडतात, चाळ वाजतात, ती हसतेसुद्धा. जी मुलगी चोवीस पट्ट्यांची गुणगुण सोसून खांबासारखी उभी राहिली, तिला त्यांनी तिच्याच पायांनी नाचवलं होतं.

देविशाने ते चार सेकंद पाच वेळा बघितले. “हे माझे पाय नाहीत,” ती म्हणाली. आधी मराठीत, मग क्रेओलमध्ये, जणू एका भाषेत सांगून पुरणार नव्हतं.

खरं काय घडलं ते गायतानच्या मोबाइलमध्ये आहे. तो दाराशी उभा राहून चित्रित करत होता. मी ते शिदोरीवर चढवायला गेले तर उत्तर मिळालं, ‘या कार्यक्रमाची नोंद आधीच उपलब्ध आहे.’ तेव्हा ते आता बेटावर मोबाइलमधून मोबाइलमध्ये फिरतंय. साक्षीदार क्रमांक तीनशे बाराने पहिल्यांदाच खरी साक्ष दिली, आणि ती कुठल्याच यादीत नाही. बेल-रॉशच्या अंगणात मृदंग खोळीतून निघालाय. देविशा पोरांना शिकवते, पट्ट्या न लावता. तीन आठवड्यांत कुणालाच येत नाही. वर्ष लागेल म्हणते.

माझी मुदतवाढ नामंजूर झाली आहे. सामान अर्धं बांधून झालंय. आता चौकट भरते. मोजून बघितलंय, मावतं.

‘व्यत्यय नव्हता. मुकादम येतोय का, ते ऐकण्यासाठी आम्ही थांबलो होतो. तो आल्याचं आपल्या या प्रश्नावरून कळलं.’